आण्णांची शुश्रूषा घरी: कोणतं काम कुणाचं आणि पैसा कुठून

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वडील, ज्यांना तुम्ही आण्णा म्हणता, ८२ वर्षांचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले, खटाव तालुक्यात गावी राहतात. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं, आणि लघवीची नळी डिस्चार्जपासून तशीच आहे. आई ७६ वर्षांच्या, भाऊ-भावजय शेती बघतात, तुम्ही पुण्यात नोकरीला. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, पॉलिक्लिनिक साताऱ्यात. म्हणजे दर महिन्याला आण्णांना गाडीत आडवं घालून पन्नासेक किलोमीटर न्यायचं आणि तसंच परत आणायचं. अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो की तिकडे निवृत्त सैनिकांच्या घरी डॉक्टर-नर्स येतात. आपल्याकडे असं काही आहे का, नर्सचे पैसे ईसीएचएस देतं का, खडकीच्या केंद्रात ठेवून घेतात का, आणि काहीच जमलं नाही तर आण्णांना पुण्याला आणावं का, असे तुमचे चार प्रश्न.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होते, त्यानंतर काही वर्षं एका पॉलिक्लिनिकमध्ये काम केलं, आणि आता सातारा-कोरेगाव-खटाव पट्ट्यात घरोघर जाऊन रुग्ण बघते. त्यातले निम्म्याहून जास्त फौजी किंवा फौजींच्या पत्नी. त्यामुळे तुमच्यासारखं घर मी पुष्कळदा पाहिलंय. उत्तर मोठं होईल, कारण दोन ओळींत सांगितलं तर तुमचा एक महिना आणखी वाया जाईल.

'घरी नर्स हवी' असं सगळेच म्हणतात, पण त्या म्हणण्यात चार वेगळी कामं मिसळलेली असतात. पहिलं, खरोखर नर्सचं काम: नळी बदलणं, जखमेचं ड्रेसिंग, इंजेक्शन. तुमच्या आण्णांच्या बाबतीत हे महिन्यातून फार तर तीन-चार तासांचं आहे. दुसरं फिजिओथेरपीचं, रोज तासाभराचं, पण घरच्यांना शिकवता येण्यासारखं. तिसरं सांभाळण्याचं: कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं, उठवून बसवणं, रात्री हाक ऐकणं. हे चोवीस तासांचं आहे, आणि माणसं थकतात ती यातच. चौथं कागद, औषधं आणि गाडीचं. या चारही कामांसाठी एकच माणूस शोधायला गेलात की पुण्यातला, घरी माणूस पुरवणारा ब्युरो तुम्हाला महिन्याचा असा आकडा सांगतो की पेन्शन संपते, आणि आलेला माणूस गावातल्या घरात आठवडाभरही टिकत नाही. मी स्वतः ही चूक केली आहे. एका सुभेदारसाहेबांसाठी शहरातून चोवीस तासांचा मुलगा आणला, तो नवव्या दिवशी निघून गेला. त्याचा दोष नव्हता. त्याला ना गावात कुणी ओळखीचं, ना त्या घरात झोपायला नीट जागा.

आता सोयींचं. ईसीएचएस १ एप्रिल २००३ला सुरू झाली आणि तिची सगळी बांधणी पॉलिक्लिनिक आणि हॉस्पिटल यांभोवती आहे. पॉलिक्लिनिकने रेफर करायचं, यादीतल्या हॉस्पिटलने बिल न घेता उपचार करायचे, औषधं पॉलिक्लिनिकमधून न्यायची. योजना सुरू झाली तेव्हा साठीतला जवान स्वतः एसटीने साताऱ्याला येत होता. तोच आज ऐंशी ओलांडून खाटेवर आहे. त्यामुळे घरी बसवलेल्या माणसाचा पगार या योजनेतून मिळेल असं धरून हिशोब करू नका. पण म्हणून ईसीएचएस घरापर्यंत अजिबात येत नाही, हेही खरं नाही.

पहिली गोष्ट, आण्णांना दर महिन्याला नेणं थांबवा. पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करा: रुग्ण अंथरुणाला खिळलेला आहे, औषधं मुलगा किंवा सून नेईल. सोबत डिस्चार्ज कार्ड, ज्या डॉक्टरांनी पाहिलंय त्यांचा दाखला आणि ईसीएचएस कार्ड जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आमच्या भागात असा अर्ज नीट दिल्यावर घरच्यांना औषधं मिळताना मी पाहिली आहेत. तोंडी विचारलं तर काउंटरवरचा मुलगा 'पेशंटला आणा' म्हणणारच, कारण तसं म्हणणं त्याला सुरक्षित वाटतं. कागद पुढे आला की निर्णय अधिकाऱ्याकडे जातो. ऐंशीच्या वरच्यांसाठी सवलतींची पत्रकं निघत असतात, ती तुमच्या पॉलिक्लिनिकला कधीपासून लागू आहेत हेही त्याच अर्जात विचारा.

औषधांच्या बाबतीत एक धोका आवर्जून सांगते. पॉलिक्लिनिकमधून दर महिन्याला त्याच औषधाची वेगळ्या कंपनीची पट्टी येऊ शकते. रंग वेगळा, आकार वेगळा. घरात जुन्या पट्टीतल्या दोन गोळ्या उरलेल्या असतात आणि आई दोन्ही देतात, किंवा 'ही आपली गोळी नव्हे' म्हणून दोन्ही देत नाहीत. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांमध्ये हे झालं तर थेट दुसऱ्या झटक्याशी किंवा रक्तस्रावाशी गाठ. भिंतीवर कागद लावा आणि त्यावर कंपनीचं नाव न लिहिता मूळ औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम आणि वेळ लिहा. नवीन पट्टी आली की भावाने त्या कागदाशी ताडून घ्यायची, मगच डब्यात.

दुसरी गोष्ट उपकरणांची. व्हीलचेअर, श्रवणयंत्र, बायपॅप (श्वासाला मदत करणारं यंत्र), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अशा वस्तूंचे पैसे ठरलेल्या मर्यादेत मिळू शकतात, मात्र तज्ज्ञ डॉक्टरांची लेखी शिफारस आणि आधी मंजुरी हवी. आधी वस्तू घेऊन मागून बिल लावलं की प्रकरण अडकतं. घरच्या फिजिओथेरपीचंही विचारा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना असलेल्या सीजीएचएसमध्ये काही आजारांनंतर ठरावीक काळापुरती घरी फिजिओथेरपीची तरतूद आहे, आणि ईसीएचएस दर आणि नियम बहुतांशी तिथूनच घेते. मेंदूच्या डॉक्टरांकडून 'घरी फिजिओथेरपी, इतके आठवडे' असं स्पष्ट लिहून घ्या आणि लेखी परवानगी मागा. मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर उत्तर लेखी असू द्या, वर दाद मागायला उपयोगी पडतं.

तिसरी, तब्येत अचानक बिघडली तर. तेव्हा साताऱ्याची वाट धरू नका. १०८ला फोन करा आणि जवळच्या चांगल्या हॉस्पिटलला न्या. ते यादीत नसेल तरी चालतं, पण ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचंच. पैसे आधी तुम्हाला भरावे लागतात आणि परतावा सरकारी दराने मिळतो, म्हणून सगळे मूळ कागद जपा. आणि चौथी, सैन्यदलाची 'सेहत' ही ऑनलाइन ओपीडी मे २०२१ पासून आहे. सैन्याच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं, ईसीएचएस सभासदांनाही. गोळी बदलायची का, रक्ताचा रिपोर्ट बरा आहे का, अशा शंकांना पुरेशी आहे.

खडकीबद्दल. तिथलं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून आहे आणि ते मणक्याला इजा होऊन कमरेखालची किंवा मानेखालची हालचाल गेलेल्या जवानांसाठी आहे. उतारवयातल्या अर्धांगवायूसाठी ते नाही. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्रही नाही. तो विचार सोडून द्या. आणि शेजाऱ्यांनी सुचवलेलं सत्तरीच्या पुढचं आयुष्मान कार्ड काढायला धावू नका. त्यात ईसीएचएस किंवा आयुष्मान, दोहोंपैकी एकच निवडावं लागतं, आणि आयुष्मान तर हॉस्पिटलात भरती झाल्यावरच कामाला येतं.

आता पैसा. हा भाग भावाला वाचून दाखवा. पेन्शनर ८० वर्षांचा झाला की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा पेन्शन सुरू व्हायला हवी. ८५ला ती ३० टक्के होते, ९०ला ४०, ९५ला ५० आणि शंभरीला १०० टक्के, म्हणजे दुप्पट. त्यावर महागाई भत्ता वेगळा. आण्णा ८२ वर्षांचे आहेत, म्हणजे दोन वर्षांपासून ती मिळत असली पाहिजे. मिळतेय का ते बघा. फौजी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर पेन्शनची स्लिप उघडली की ही रक्कम वेगळी दिसते. आमच्या भागातल्या जुन्या जवानांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, जन्मतारीखच नसते किंवा अंदाजे वर्ष असतं, आणि त्यामुळे वाढ अडकते. मी ज्या घरात पहिल्यांदा जाते तिथे रक्तदाब मोजून झाला की पीपीओ मागते. एका घरात तीन वर्षांची थकबाकी निघाली आणि त्या पैशातून पुढच्या वर्षाचा सांभाळणारा माणूस उभा राहिला. अर्ज पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस आणि प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तो भरून घ्या, तिथली माणसं हे रोज करतात.

त्याच वेळी आईंचं नाव आणि जन्मतारीख पीपीओवर बरोबर आहे ना, तेही तपासा. कौटुंबिक पेन्शनलाही ८० नंतर अशीच वाढ आहे, आणि आण्णा हयात असताना, त्यांचा अंगठा घेता येतो तोवर ही दुरुस्ती सोपी असते. नंतर त्या बाईला वयाच्या ऐंशीव्या वर्षी कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. मी ते पाहिलंय आणि ते बघवत नाही. हयातीच्या दाखल्यासाठीही आण्णांना हलवू नका. पोस्टमन घरी येऊन तो काढून देतो, मोबाइलवर चेहरा दाखवूनही निघतो.

कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स नावाचा एक भत्ता आहे, सतत सोबतीला माणूस लागणाऱ्यांसाठी. पण तो सेवेमुळे आलेलं १०० टक्के अपंगत्व असेल आणि मेडिकल बोर्डाने तशी शिफारस केली असेल तरच. आण्णांचा आजार निवृत्तीनंतरचा, म्हणून तो लागू नाही. ज्यांच्या घरी युद्धात किंवा सेवेत जखमी झालेले जवान आहेत त्यांनी मात्र आपला कागद पुन्हा काढून बघावा. आणि ज्यांना पेन्शनच नाही अशा ६५ वर्षांवरच्या माजी सैनिकांना, त्यांच्या विधवांना ध्वजदिन निधीतून मदत असते. नोव्हेंबर २०२५ पासून ती महिन्याला ४,००० वरून ८,००० रुपये झाली आहे. तोही अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच.

आता आण्णांकडे येते, कारण कागद नीट झाले आणि पाठीला जखम झाली तर उपयोग काय?

सगळ्यात आधी नळी. ती का आहे, हे कुणी सांगितलंय का? अर्धांगवायूच्या पहिल्या दिवसांत लघवी मोजायला नळी घालतात, आणि पुढे काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. घरच्यांनाही बरं वाटतं, कपडे ओले होत नाहीत. पण महिनोन् महिने राहिलेली नळी म्हणजे जंतुसंसर्गाला उघडा दरवाजा, आणि ८२ वर्षांच्या माणसाला घरातून हॉस्पिटलात नेणारं ते फार मोठं कारण आहे. युरोलॉजिस्टना स्पष्ट विचारा: 'नळी काढून बघायची का?' या वयात प्रोस्टेट वाढलेलं असतं, म्हणून ते काही दिवस आधी गोळी सुरू करतील, मग नळी काढून बघतील. निम्मा ताप इथेच संपू शकतो. काढणं शक्यच नसेल तर पूर्ण सिलिकॉनची नळी मागा. साधी लेटेक्सची काही आठवड्यांतच बदलावी लागते, सिलिकॉनची साधारण बारा आठवड्यांपर्यंत राहू शकते. पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. कुशीवर वळवताना पिशवी आधी बघायची, माणूस मग. थंडी वाजून ताप आला, लघवी गढूळ झाली किंवा थांबली, तर त्याच दिवशी डॉक्टर.

मग पाठ. दर दोन तासांनी कूस बदलणं, याला पर्याय नाही. हवेच्या गादीमुळे रात्री हे अंतर थोडं वाढवता येतं, गादी घेतली म्हणून वळवणं बंद होत नाही. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती रोज उजेडात बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. त्यावर चोळायचं नाही, तेल जिरवायचं नाही. गोल रबरी कडं खाली ठेवायची पद्धत गावाकडे आहे, ती बंद करा, त्याने मधल्या भागाचं रक्त अडतं. टाचांखाली काही ठेवण्याऐवजी पोटऱ्यांखाली उशी द्या, म्हणजे टाचा अधांतरी राहतात.

एक प्रसंग सांगते. एका नायब सुभेदारांना हॉस्पिटलने डिस्चार्ज दिला तेव्हा कागदावर 'पाठीची काळजी घ्या' एवढंच लिहिलं होतं. सून शहाणी, प्रेमळ, पण पाठीची काळजी म्हणजे रोज गरम पाण्याने शेकायचं असं तिला वाटलं. मी पोहोचले तेव्हा माकडहाडावर मूठ जाईल एवढी जखम होती. पुढे दोन वेळा भरती झाली, आणि दोन्ही वेळचं मोठं बिल ईसीएचएसने दिलं. ती सून आजही मला म्हणते, ताई, कुणीतरी एकदा हात धरून दाखवलं असतं. तेव्हापासून मी कुठल्याही घरी तोंडी सूचना देऊन निघत नाही. घरच्या माणसाकडून माझ्यासमोर तीनदा करून घेते, मगच चहा पिते.

जेवण नेहमी बसवून. पाठ टेकवून पूर्ण सरळ, आणि जेवल्यावर अर्धा तास तसंच. पाणी पिताना ठसका लागतो का बघा. अर्धांगवायूत पातळ पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका जास्त, घट्ट पेज किंवा गव्हाची खीर त्या मानाने सोपी जाते. ठसका रोज लागत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यातून न्यूमोनिया होतो. उजवा हात धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो आणि मग वेदनेने ते फिजिओलाच हात लावू देत नाहीत. खुर्ची खाटेच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला लावा. आणि उजवी बाजू गेली की बोलण्यावर परिणाम होणं स्वाभाविक आहे, त्याचा अर्थ समज गेली असा नव्हे. त्यांच्यासमोर 'आता किती दिवस हे' असं कुणी बोलू नये. त्यांना ऐकू येतं, कळतं, आणि उत्तर देता येत नाही.

फौजी माणसाची एक गोष्ट वेगळी असते आणि पुस्तकात ती कुणी लिहीत नाही. त्यांना लाज वाटते. ज्या माणसाने रोज पहाटे दाढी करून फॉलिन केलं, म्हणजे रांगेत हजेरी दिली, त्याला सुनेच्या हाताने अंग पुसून घेणं मरणासारखं वाटतं. मग ते पाणी कमी पितात, शौच अडवून धरतात, चिडतात. घरचे म्हणतात, म्हातारा हट्टी झालाय. आण्णांचं अंग पुसायला भाऊ किंवा बाहेरचा पुरुष ठेवा, भावजयीला ते काम देऊ नका. रोज सकाळी ठरलेल्या वेळी दाढी, धुतलेला सदरा, आणि शक्य होईल तेव्हा खाटेवरून खुर्चीत, सोप्यात, रस्ता दिसेल असं. माझे एक पेशंट दाढी झाल्याशिवाय घास घेत नसत, आणि आम्ही औषधाने भूक वाढते का बघत बसलो होतो. वेळापत्रक हे या माणसांचं औषधच आहे. फिजिओचे व्यायामही 'करा हो आण्णा' म्हणून होत नाहीत, 'सकाळी सातला, वीस वेळा' म्हटलं की होतात.

आता माणूस कुठून आणायचा. तुमच्या घराला बारा तासांसाठी एक धट्टाकट्टा पुरुष पुरेल, रात्री भाऊ आहे. आणि इथे आपल्या भागाकडे एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईकडे नाही. आपल्या गावांत आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झालेले नर्सिंग असिस्टंट आहेत. चाळिशी-पंचेचाळिशीत पेन्शनवर आलेले, कॅथेटर, ड्रेसिंग, इंजेक्शन, सगळं हातातलं. याशिवाय पलटणीत बॅटलफील्ड नर्सिंग असिस्टंटचं, म्हणजे रणांगणावर जखमींना सांभाळायचं, शिक्षण घेतलेले जवान असतात. त्यांना सराव हवा, पण रुग्ण उचलायचा कसा, घाबरायचं कसं नाही, हे त्यांना येतं. यांतले कित्येक आज बँकेच्या दारात सिक्युरिटीला उभे आहेत. त्यांना शोधा. माजी सैनिक संघटनेच्या तालुक्याच्या माणसाला विचारलंत तर दोन दिवसांत नाव मिळेल. खर्च पुण्याच्या ब्युरोहून पुष्कळ कमी, आणि आण्णांना फौजेची भाषा बोलणारा माणूस मिळतो. तो फरक मी डोळ्यांनी पाहिलाय: घरच्यांशी आठ दिवस न बोललेला माणूस दुसऱ्या फौजीला 'कोणती पलटण?' एवढं स्पष्ट विचारतो.

आमच्याकडे पाच गावांत आम्ही हे जरा बांधून केलंय. दोन निवृत्त नर्सिंग असिस्टंट, एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आणि मी. दर बुधवारी फेरा. नळ्या, ड्रेसिंग, रक्तदाब, व्यायाम तपासणं. अडलं तर गावातल्या डॉक्टरांना किंवा व्हिडिओवर तज्ज्ञांना दाखवणं. खर्च घरं वाटून घेतात, ज्यांना झेपत नाही त्यांचा इतर उचलतात. वेगळी इमारत लागली नाही, मोठी मशिनरी लागली नाही.

तुमच्या चुलतभावाचं म्हणणं खरं आहे. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या खात्याचं घरी जाऊन उपचार करणारं पथक असतं, त्यात डॉक्टर, नर्स, थेरपिस्ट, समाजसेवक असे सगळे. घरच्या शुश्रूषेवर किती खर्च करायचा याची मर्यादा तिथे नर्सिंग होमच्या खर्चाशी बांधलेली आहे. पूर्वी ती त्या खर्चाच्या ६५ टक्के होती, २ जानेवारी २०२५ला सही झालेल्या कायद्याने ती १०० टक्क्यांपर्यंत नेली. म्हणजे तिथे निदान सवाल बरोबर विचारला गेला: हाच माणूस संस्थेत ठेवला असता तर किती लागले असते? आपल्याकडे तो विचारलाच जात नाही. त्या नायब सुभेदारांच्या जखमेचं भरतीचं बिल योजनेने दिलं, पण जखम होऊ नये म्हणून महिन्यातून चार वेळा घरी जाणाऱ्या नर्सिंग असिस्टंटसाठी त्याच योजनेत रकाना नाही. मला याचा राग येतो. पॉलिक्लिनिकमध्ये कंत्राटी नर्सिंग असिस्टंट असतातच. त्यातल्या एकाला आठवड्यातून दोन दिवस गाडी आणि गावांची यादी दिली तर साताऱ्यासारख्या जिल्ह्यात घरपोच सेवा उद्या सुरू होऊ शकते. पुढच्या माजी सैनिक मेळाव्यात तुमच्या गावाने ही मागणी लेखी द्यावी, खिळलेल्या रुग्णांच्या संख्येसह. 'आमच्याकडे सोय नाही' या वाक्यापेक्षा 'या सात गावांत अंथरुणावर असलेले इतके माजी सैनिक आहेत' हा कागद स्टेशन हेडक्वार्टरमध्ये, म्हणजे लष्कराच्या स्थानिक कार्यालयात, जास्त लांब जातो.

शेवटचा प्रश्न, पुण्याला आणावं का. हे घरावर अवलंबून आहे आणि मी तुमचं घर पाहिलेलं नाही. गावी ठेवायचं तर मला तीन गोष्टी हव्यात: उचलू शकेल असा एक पुरुष दिवसभर, अर्ध्या तासात पोहोचेल असा डॉक्टर, आणि संडास-न्हाणीघर खाटेपासून चाकाच्या खुर्चीने जाता येईल असं. बहुतेक जुन्या घरांत अडतं ते तिसऱ्यात. उंबरठा उंच, संडास परसात, मधे दोन पायऱ्या. पुण्यात लिफ्ट आणि फिजिओ मिळतो, पण आई गाव सोडून तिसऱ्या मजल्यावर कोंडल्या जातात, आणि त्या आजारी पडल्या की दोन रुग्ण.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मी असं करेन. अर्धांगवायूनंतर सुधारणा सगळ्यात जास्त पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. आण्णांचे चार महिने गेलेत, म्हणून आत्ताचे सहा-आठ आठवडे सोन्याचे आहेत. तेवढ्यापुरतं त्यांना आणि आईंना पुण्याला आणा. ईसीएचएस कार्ड तिथल्या पॉलिक्लिनिकमध्येही चालतं. रोज फिजिओ, युरोलॉजिस्टकडे नळीचा निकाल, मेंदूच्या डॉक्टरांची घरच्या फिजिओसाठी शिफारस, आणि भावाने शेतीतून आठ दिवस सवड काढून येऊन उचलणं-वळवणं शिकणं, हे सगळं त्यात उरकायचं. त्याच काळात गावी खाटेजवळ भिंतीला कठडा, उंबरठ्याला उतार, कमोडची खुर्ची आणि सोप्यातल्या खोलीत पंखा, एवढं करून घ्या आणि नर्सिंग असिस्टंट ठरवून ठेवा. मग त्यांना घरी न्या. परतीची तारीख आण्णांना आजच सांगा, आणि ती पाळा.

नळी काढायचा दिवस ठरला की इथे मला कळवा. काढल्यापासून सहा ते आठ तासांत लघवी व्हायला हवी, नाही झाली आणि ओटीपोट फुगलेलं लागलं तर लगेच हॉस्पिटल. म्हणून ते काम सकाळी करून घ्या, संध्याकाळी नको.